मंद कॉम्प्युटरची चौकशी



गेले काही दिवस आपण या व्यासपीठावरून इतिहासावर, संतवाङ्मयावर आणि आरोग्यावर विद्वानांची भाषणे ऐकलीत. त्यांच्या पंक्तीत माझे पान मांडले, ही चालकांची मेहेरबानी. माझे शिक्षण दहावीला आटोपले. पुढे जे काही आले ते प्रेसशॉपमध्ये, युनियनच्या कचेरीत आणि रात्री दिव्याखाली. आणि विषय तरी कोणता, तर घरातला कॉम्प्युटर सुस्त का होतो! मी चालकांना म्हटले, "अहो, हा विषय भाषणाचा की दुरुस्तीच्या दुकानाचा?" ते म्हणाले, "थेरगावात ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे त्याची हीच रड आहे. तुम्ही बोलाच."

बोलतो. पण सुरुवात माझ्या धंद्यापासून करतो, कारण हे यंत्र मी त्याच वाटेने शिकलो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात एका प्रेस चालवणाऱ्या गड्यावर आरोपपत्र आले. आरोप असा, की त्याने जाणूनबुजून काम संथ केले. ज्याला आम्ही गो-स्लो म्हणतो. पाळीला ठरलेल्या नगांच्या जेमतेम निम्मे नग निघत होते, हे खरेच होते. सुपरवायझर घड्याळ घेऊन त्याच्या हाताकडे पाहत उभा राही. चौकशीत मी एकच वस्तू मागितली, स्टोअरचे रजिस्टर. पत्रा किती वाजता मागितला आणि किती वाजता मिळाला, हे त्यात वेळेसकट लिहिलेले होते. बेरीज मांडली तेव्हा दिसले, की आठ तासांच्या पाळीत जवळजवळ तीन तास तो गडी पत्र्याची वाट पाहत उभा होता. आरोप मागे घेतला गेला.

आता घरी येऊ. २०१६ साली मुलीच्या शिक्षणासाठी आम्ही हप्त्यांनी कॉम्प्युटर घेतला. २०२० च्या टाळेबंदीत तिचे सारे वर्ग त्याच्यावरच झाले. पुढे तो असा मंदावला, की बटण दाबून चहा टाकावा, चहा पिऊन कपबशी विसळावी, तरी पडद्यावरचे चक्र फिरतेच आहे. दुकानदाराला दाखवला. त्याने झाकणही न उघडता सांगितले, "काका, प्रोसेसर म्हातारा झाला. नवा घ्या, हप्ते बांधून देतो." मला तो सुपरवायझर आठवला. मी घरी आलो आणि रजिस्टर मागितले.

हे रजिस्टर प्रत्येक विंडोजच्या कॉम्प्युटरात असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा, टास्क मॅनेजर नावाचा तक्ता उघडतो. यादीच आखूड दिसली तर 'मोअर डिटेल्स' दाबा. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात आणि प्रत्येकावर शेकडेवारी असते. मात्र यंत्र सुरू केल्याबरोबर पाहू नका. पाळी सुरू होताना स्टोअरच्या खिडकीशी गर्दी असायचीच. दहा मिनिटे जाऊ द्या. माझ्या यंत्रात दहा मिनिटांनंतरही आकडे असे होते: प्रोसेसर शंभरात बारा, आणि डिस्क शंभरात शंभर. ज्याला म्हातारा ठरवले होते तो रिकामा उभा होता, पत्र्याची वाट पाहत!

हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे. प्रोसेसर म्हणजे कारागीर. रॅम, म्हणजेच मेमरी, हा त्याच्यापुढचा बाक. हातातले काम त्याच्यावर पसरलेले असते. हार्ड डिस्क म्हणजे स्टोअर. बाक लहान आणि काम फार झाले, की कारागीर अर्धे काम उचलून स्टोअरमध्ये ठेवतो, दुसरे आणतो, पुन्हा पहिले आणतो. दिवसभर हेलपाटे. आमच्या यंत्राची रॅम चार जीबीची. विंडोज, व्हायरस रोखणारा प्रोग्रॅम आणि ब्राउझरची आठदहा पाने उघडली की बाक भरलाच म्हणून समजा.

आणि ते स्टोअर कसले? जुनी हार्ड डिस्क ही खरोखरची फिरती चकती आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली डिस्क बाजारात आणली. तीत दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि त्या मिनिटाला १२०० वेळा फिरत. घरगुती यंत्रातली साधी डिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरते. म्हणजे साठ वर्षांत वेग वाढला साडेचार पट! दरम्यान प्रोसेसरचा ठोका सेकंदाला दोनतीनशे कोटींवर गेला. हवी ती नोंद फिरत फिरत टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, वर टोक सरकवण्याचा वेळ निराळा. परिणामी इकडे तिकडे विखुरलेल्या नोंदी काढायच्या तर अशी डिस्क सेकंदाला शंभरही काढू शकत नाही. एसएसडी नावाच्या नव्या प्रकारात फिरणारे काहीच नाही, सारा इलेक्ट्रॉनिक मामला. ती त्याच वेळात हजारो नोंदी देते. मी एसएसडी बसवली आणि रॅम आठ जीबी केली. चहाच्या भांड्याखाली गॅस पेटवेपर्यंत यंत्र आता तयार असते. प्रोसेसर तोच, २०१६ चा.

पण हे ऐकून उद्या सकाळी सगळ्यांनी एसएसडी आणायला धावू नये. तुमच्या रजिस्टरात निराळा आकडा असेल. डिस्क शांत आणि मेमरी नव्वदच्या वर असेल तर रॅम वाढवा. मात्र भाव आधी विचारा, कारण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, मोठ्या डेटा-केंद्रांची मागणी वाढल्यामुळे. प्रोसेसरच शंभरावर असेल तर यादीत वर कोणाचे नाव आहे ते पाहा. आणि उन्हाळ्यात झाकण उघडून पंखा पाहा. डांगे चौकातली धूळ कॉम्प्युटरच्या पेटीतही शिरतेच. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून तो आपण होऊन वेग कमी करतो. मऊ ब्रशने धूळ काढण्याला पैसे पडत नाहीत. फक्त वायर आधी काढा.

आणखी एक बिनपैशाची गोष्ट. रात्री 'शट डाऊन' केले म्हणजे यंत्राने नवा जन्म घेतला, अशी आपली समजूत असते. विंडोजच्या २०१२ नंतरच्या आवृत्त्यांत बहुधा तसे होत नाही. लवकर उठता यावे म्हणून ती आतली बरीचशी अवस्था डिस्कवर जपून ठेवते. खरी नवी सुरुवात 'रिस्टार्ट'ने होते. शिवाय टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' म्हणून एक यादी आहे. यंत्र उघडताच न बोलावता हजर होणारे प्रोग्रॅम तीत सापडतात. अनोळखी नावांना हात न लावता ओळखीची, नको असलेली तेवढी बंद करावीत. मी स्वतः आधी उलटाच उद्योग केला होता. यंत्र चपळ करून देतो म्हणणारे दोन फुकट प्रोग्रॅम बसवले, आणि ते दोघेही बाकावर ठाण मांडून बसले.

याहून मोठी चूक सांगायची आहे. आमच्या युनियनमधल्या एका कंत्राटी कामगाराने कायम होण्यासाठी दावा केला होता. सलग काम केल्याचा पुरावा म्हणजे पगारपावत्या. त्याने बारा वर्षांच्या पावत्या स्कॅन करून घरच्या कॉम्प्युटरात ठेवल्या होत्या. मूळ कागद पत्र्याच्या घरात पावसाळ्यात भिजून गेले. यंत्र फार मंद झाले म्हणून त्याने मला बोलावले. डिस्कमधून कट्‌कट् असा आवाज येत होता. तो मी ऐकला आणि मनावर घेतला नाही. फाइली नीट लावण्याचे काम मी रात्रभर लावून ठेवले. मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभर पळवले! सकाळी ती उठली नाही. पावत्यांच्या प्रती आम्ही ठेकेदाराकडे मागितल्या, सोबत्यांच्या कागदांतून हजेरीचा माग काढला. नऊ वर्षे जुळली, तीन जुळली नाहीत. त्या घरी मी अजून जातो, वहिनी चहा देतात, पण त्या पावत्यांचा विषय कोणी काढत नाही.

तेव्हा डिस्क मंद असेल तर दुरुस्तीआधी प्रत काढा. कागद आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा, ते तिथे उघडतात का ते पाहा, आणि मगच यंत्राला हात लावा.

दुकानदाराच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण त्याचे सगळेच खोटे नव्हते. विंडोज १० ला कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारण सुरक्षादुरुस्त्या देणे थांबवले. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत दिली. २०२१ साली आलेली विंडोज ११ टीपीएम २.० नावाची सोय आणि प्रोसेसरची ठरावीक पिढी मागते. २०१६ चे बहुतेक कॉम्प्युटर तिथे अपात्र ठरतात. पण हा प्रश्न सुरक्षेचा आहे, वेगाचा नव्हे, आणि दुकानात या दोहोंची भेळ करून विकतात. माझ्या यंत्रावर मी लिनक्स घातले. ते फुकट मिळते, जुन्या यंत्रावर बरे चालते, मराठीही लिहिता येते. ज्यांना विंडोजवरच चालणारे हिशेबाचे किंवा शिकवणीचे प्रोग्रॅम हवेत त्यांची मात्र सोय तिथे होईलच असे नाही. त्यांना नवे यंत्र घ्यावे लागले तर मी त्यांना नावे ठेवणार नाही.

फोनवरून कोणी सांगेल, "तुमचा कॉम्प्युटर मंद झाल्याचे आम्हाला इथे दिसते आहे, आम्ही सांगतो ते बटण दाबा," तर फोन ठेवा. तसे कोणालाही दिसत नसते. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा.

ज्यांना आपले रजिस्टर वाचून घ्यायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी युनियनच्या कचेरीत यावे. नुसती पेटी आणली तरी चालेल, पडदा तिथे आहे. डिस्कमधून आवाज येत असेल तर घरी पुन्हा चालू करून बघू नका. तशीच बंद आणा, प्रत काढता येते का ते पहिल्याने पाहू.