मी कोण, याचे उत्तर



मनुष्याला स्वतःविषयीची पहिली माहिती दुसऱ्यांकडूनच मिळते. आई ज्या नावाने हाक मारते, शेजारीपाजारी ज्या घराण्याचा म्हणून ओळखतात, गुरुजी ज्या शब्दांत शाबासकी देतात किंवा रागे भरतात, त्या सर्वांतून 'मी असा आहे' ही मुलाची समजूत आकारास येते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ साली हाच विचार मांडताना आरशाची उपमा योजली होती.

ही समजूत पुढे पालटते कशी? आपल्या जालना जिल्ह्यातील जांब गावी १६०८ साली सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेला नारायण बोहल्यावरून निघून गेला, नाशिकजवळच्या टाकळीस बारा वर्षे तपश्चर्या आणि त्यानंतर बारा वर्षे तीर्थाटन करून समर्थ रामदास झाला, हे सर्वश्रुत आहे. मला त्यापुढचा प्रसंग अधिक विचारणीय वाटतो. परंपरा सांगते की, इतक्या वर्षांनी ते जांबला स्वतःच्याच घरासमोर भिक्षेसाठी उभे राहिले, तेव्हा दृष्टी गेलेल्या आई राणूबाईंनी त्यांना आवाजावरून ओळखले, ते आपला नारायण म्हणून; आणि समर्थही मुलाच्या नात्याने काही काळ मातेजवळ राहिले. स्वकष्टार्जित ओळखीने जन्मदत्त ओळख रद्दबातल होत नाही, असे मला यावरून दिसते.

सामान्य रयतेला स्वतःची ओळख अशी घडवण्याचे स्वातंत्र्य कोठले? निजामी अमलात कचेरीत जबानीसाठी उभ्या राहिलेल्या कास्तकाराला नाव, वल्द (बाप), कौम (जात), पेशा (धंदा), साकीन (गाव) एवढे विचारले की त्याची ओळख संपे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपल्यानंतर तोच मनुष्य, आपला बांध न सोडता, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्याचा आणि १९६० साली महाराष्ट्राचा झाला. १ मे १९८१ रोजी जालना हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्याचा जिल्हाही बदलला. दफ्तरातील या फेरफारांनी त्याचे अंतरंग फारसे हलले असे मी म्हणणार नाही. ते हलले १९५२ च्या निवडणुकीत, कारण आजवर केवळ सारा मागणाऱ्या सरकारने प्रथमच त्याचे मत मागितले.

त्याच निवडणुकीच्या मतदारयाद्यांतून देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली, कारण त्यांनी अमक्याची आई, तमक्याची पत्नी एवढेच सांगितले होते. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःच्या नावाचाच आग्रह धरला. तो कठोर वाटला तरी योग्य होता, असे माझे ठाम मत आहे. १९५७ च्या यादीत अशा कितीतरी स्त्रिया स्वतःच्या नावानिशी दाखल झाल्या.