लेकीसाठी रायफल घ्यायची आहे?



शेळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांसाठी कर्जाचे अर्ज गटाकडे येतात, त्यांची आपल्याला सवय आहे. पण मध्यंतरी आमच्या एका गटाकडे वेगळाच अर्ज आला. एनसीसीत नेम चांगला लागलेल्या मुलीसाठी तिच्या आईने रायफलला कर्ज मागितले. बायका विचारात पडल्या. नाही म्हणावे तर पोरीची संधी जायची, हो म्हणावे तर पैसा सगळ्यांच्या बचतीचा. म्हणून आम्ही माहिती काढली. ती आज सांगतो.

पहिली गोष्ट, हे स्वप्न वेडगळ नाही. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक स्वप्नील कुसाळे यांनी मिळवले. ते राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे, आणि नेमबाजीचे धडे त्यांनी आपल्या नाशिकमध्ये क्रीडा प्रबोधिनीत गिरवले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. अंजली भागवत यांची सुरुवात तर एनसीसीतच झाली.

आता रायफलीकडे वळू. एनसीसीत मुली जी वापरतात ती पॉइंट टू-टू (.२२) बोअरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा भाग समजा. मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते. नवी गोळी बसवून बोल्ट पुढे ढकलायचा आणि मूठ खाली दाबायची, की कडी घट्ट लागते. गोळी सुटताना काही हलत नाही, म्हणून नेमाला ही रायफल चांगली. ५० मीटरच्या स्पर्धेत हाच बोअर लागतो आणि एका वेळी एकच गोळी भरतात. काही घरांत .३१५ बोअरची बोल्ट रायफल असते, ती या स्पर्धेत चालत नाही.

दुकानात किंवा क्लबात रायफल दाखवतील तेव्हा नाव आणि चकाकी बाजूला ठेवा. आधी दस्ता मुलीच्या मापाचा आहे का ते पाहा. खांद्याला लावल्यावर मान न ताणता गाल दस्त्यावर टेकला पाहिजे आणि डोळा आपोआप मागच्या भोकासमोर आला पाहिजे. वाढत्या वयाच्या मुलीसाठी गालाची पट्टी आणि खांद्याची पट्टी मागेपुढे, वरखाली होणारी हवी. मुलगी डावरी असेल तर डाव्या हाताची रायफल मागा.

मग वजन. ५० मीटरच्या रायफलीला ८ किलोपर्यंत मुभा आहे. जड रायफल स्थिर राहते हे खरे, पण तासभर ती पेलायची कुणी? मुलीला पेलवेल तेच वजन चांगले. चाप हलका आणि दर वेळी सारखाच सुटणारा असावा.

आपल्या आयुध कारखान्यांची साधी .२२ स्पोर्टिंग रायफल शिकायला पुरते. मोठ्या स्पर्धांत जर्मनीच्या अ‍ॅन्शुत्झ, वॉल्थर या जास्त दिसतात, पण त्यांची किंमत लाखांत जाते. सुटे भाग कुठे मिळतील, दुरुस्ती कोण करील, हे घेण्याआधी विचारा. प्रत्येक नळीला कोणती गोळी मानवते तेही वेगळे असते, म्हणून दोन-तीन प्रकारच्या गोळ्या झाडून कागदावरची भोके किती जवळ पडतात ते पाहा. जुनी रायफल घेत असाल तर प्रशिक्षकाला नळी दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि परवाना. .२२ रायफलीला तो लागतोच. नाशिक शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. सर्वसाधारणपणे २१ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. लहान मुली क्लबच्या देखरेखीखाली, क्लबच्याच रायफलीने सराव करतात. म्हणून सुरुवात १० मीटर एअर रायफलने करावी. ४.५ मिलिमीटर छऱ्याच्या, ठरलेल्या मर्यादेतल्या ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. छरे गोळ्यांपेक्षा स्वस्त पडतात आणि सराव बंद हॉलमध्येही होतो. पण तीही शस्त्रच आहे. घरात कुलपात ठेवायची, नळी माणसाकडे कधी वळवायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचे नाही.

गटाच्या बैठकीत हे सगळे मांडले तेव्हा एक काकू म्हणाल्या, "पोरींना कशाला बंदुका?" त्यावर दुसरी म्हणाली, "मागच्या वर्षी मुलाच्या क्रिकेटच्या सामानाला कर्ज दिलं, तेव्हा कुणी विचारलं होतं का?" काकू हसल्या आणि त्यांनीही हात वर केला.

ठरले ते असे. रायफलीला कर्ज आत्ता नाही. एक वर्षाची क्लबची फी, एसटीचा पास आणि छरे यांसाठी छोटे कर्ज, हप्ता नेहमीसारखा. मुलीने गुणांची वही ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी बैठकीत दाखवायची. वर्षाअखेर प्रशिक्षकांचे मत घ्यायचे, मगच रायफलीचा विचार.

तुमच्या गटात असा अर्ज आला तर मुलीलाही बैठकीला बोलवा. किती वाजता उठते, सरावाला कशी जाते, हे तिच्याच तोंडून ऐका आणि मग ठरवा.