‘हॅना’ : कान देऊन पाहायचा थरारपट



राग कसा ऐकावा, चित्र कसं पाहावं, यावर भाषणं होतात. मारधाडीचा चित्रपट मात्र आपोआप कळतो, असं आपण धरून चालतो. मला ते मुळीच पटत नाही. चांगल्या मारधाडीतही रचना असते, लय असते, आणि ती ओळखता आली की आनंद कितीतरी वाढतो. त्यासाठी आज २०११ सालचा ‘हॅना’ हा चित्रपट घेऊ. रेडिओवरून बोलायला तो फार योग्य आहे, कारण त्याची निम्मी गोष्ट आवाजातून सांगितलेली आहे.

दिग्दर्शक जो राइट. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’, ‘अटोनमेंट’ असे नाजूक चित्रपट करणारा हा माणूस थरारपटाकडे वळला, तेव्हा अनेकांना नवल वाटलं. ‘अटोनमेंट’मधल्या कोवळ्या मुलीच्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळवलेली सर्शा रोनन इथे हॅना झाली आहे. फिनलंडच्या बर्फाळ जंगलात, विजेशिवाय, वडिलांनी तिला एकट्याने वाढवलं आहे. वडील एरिक एकेकाळचे सीआयएचे हेर. एरिक बाना या नटाने ते उभे केले आहेत. शिकार, नेमबाजी, अनेक भाषा, आपल्याविषयीची खोटी माहिती घडाघडा म्हणणं, असं सगळं ती शिकली आहे. कुणाला मारायचं, हेही तिला ठाऊक आहे : वडिलांच्या मागावर असलेली अधिकारी मारिसा, म्हणजे केट ब्लँचेट.

जंगलातल्या झोपडीत एक छोटासा प्रसंग आहे. संगीत म्हणजे काय, असं ती विचारते आणि वडील विश्वकोशातली व्याख्या वाचून दाखवतात. ती व्याख्या बरोबरच असते, पण मुलीच्या हाती काहीच लागत नाही. हा प्रसंग निसटू देऊ नका. पुढचा सगळा प्रवास, मोरोक्को, स्पेन, जर्मनी, हा त्या प्रश्नाच्या उत्तराचा शोध आहे. स्पेनमध्ये रात्री फ्लामेंको चाललेला असतो, गाणं आणि टाळ्यांचा ठेका. तिथे हॅनाचा चेहरा पाहा. व्याख्येत जे सापडलं नाही, ते तिला त्या टाळ्यांत सापडतं. एकही गोळी न सुटणारा हा प्रसंग मला अख्ख्या चित्रपटात सर्वांत मोलाचा वाटतो.

आवाज तिला घाबरवतोही. मोरोक्कोतल्या साध्याशा हॉटेलच्या खोलीत दिवा लागतो, पंखा फिरतो, किटली उकळू लागते, टीव्ही बोलू लागतो. आपल्याला रोजचे असलेले हे आवाज एकावर एक चढत जातात आणि सशस्त्र माणसांना न भिणारी ही मुलगी खोली सोडून पळते. तिची भीती शब्दांत कुणीही सांगत नाही. ती आपण कानांनी अनुभवतो.

पार्श्वसंगीत ‘द केमिकल ब्रदर्स’ या ब्रिटिश जोडीचं आहे. नाचाच्या मंचांवरून गाजलेले हे इलेक्ट्रॉनिक संगीतकार. तिला डांबून ठेवलेल्या भुयारी तळावरून हॅना निसटते, तेव्हा त्यांचा ठेका, लुकलुकणारे दिवे आणि तिची धावणारी पावलं एकाच तालात येतात. मारिसाने पाठवलेला आयझॅक्स हा मारेकरी, म्हणजे टॉम हॉलंडर, शिटीवर एक गोड, बालगीतासारखी सुरावट वाजवत फिरतो. तीच सुरावट पार्श्वसंगीतातही येते. एकदा ती कानात बसली, की तो पडद्यावर दिसण्याआधीच अंगावर काटा येतो.

आता डोळ्यांसाठी एक धडा. बर्लिनमध्ये एरिक रस्त्यावरून चालत भुयारी स्थानकात उतरतो, माणसं त्याला घेरतात आणि हातघाई होते. हे सारं एका सलग शॉटमध्ये, मध्ये एकही कट न घेता दाखवलं आहे. एरवी मारामारीत क्षणाक्षणाला कट मारून वेगाचा भास निर्माण करतात आणि कुणी कुणाला मारलं हेच कळत नाही. इथे लपायला जागा नाही. नट, कॅमेरा चालवणारा, मारामारी बसवणारा, कुणाचंही एक पाऊल चुकलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पहिला ठोसा बसेपर्यंतची ती शांत चाल अधिक ताण देते.

चित्रपट निर्दोष नाही. जर्मनीत पोहोचल्यावर ग्रिम बंधूंच्या परीकथांचा धागा फारच उघडा पडतो. ओसाड करमणूक बागेतला लांडग्याचा भलामोठा जबडा पाहताना वाटतं, हे इतकं मोठ्याने सांगायची गरज नव्हती. मारिसा दुष्ट का झाली, तेही पुरेसं उलगडत नाही. पण एका मुलीचं बालपण शस्त्र घडवण्यात खर्ची पडलं, याचं दुःख रोननच्या त्या निश्चल डोळ्यांतून सतत जाणवत राहतं, आणि तेवढ्यासाठी मी बाकीचं माफ करतो.

हा चित्रपट लहान मुलांसोबत पाहू नका. तुम्ही मात्र जरूर पाहा, आणि बर्लिनमधला तो सलग शॉट दोनदा पाहा : एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. मोबाइलच्या स्पीकरवर भागवू नका. चांगले हेडफोन लावा.