मेंदूची वीज आणि चांदीची चकती



घरात कोणाला फेफरे येऊ लागले की आपण दोन गोष्टी करतो. रोग्याच्या नाकाशी कांदा किंवा जोडा धरतो, आणि चारचौघांत कळू नये म्हणून दार लावून घेतो. पुढे डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढावयास सांगितले की घरची माणसे हबकतात. डोक्याला वीज देणार की काय! या भीतीविषयी आज आम्ही थोडे बोलणार आहोत.

या तपासणीत बाहेरून वीज देत नाहीत, मेंदूची स्वतःची वीज टिपून घेतात. १८७५ साली लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी ससे व माकडे यांच्या मेंदूत ती पाहिली. माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख जर्मनीत येना येथे हान्स बेर्गर यांनी १९२४ साली काढला व १९२९ साली प्रसिद्ध केला. पुष्कळांना तो खरा वाटेना. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी त्यास दुजोरा दिला.

डोक्याच्या कातडीवर पोहोचणारी ही वीज बहुधा १० ते १०० मायक्रोव्होल्ट असते. ५० धरली तरी विजेरीतील दीड व्होल्टच्या सेलचा तो तीस हजारावा भाग! ती टिपण्यासाठी लहान चकत्या, म्हणजे इलेक्ट्रोड, मलम लावून चिकटवितात. चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर असला म्हणजे चकती स्थिर राहते, स्वतःची खोटी वीज आलेखात फारशी मिसळत नाही. केसांना तेल असले तर चकती नीट बसत नाही. म्हणून न्हाऊन, तेल न लावता जावे. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीने डोके मोजून दहा व वीस टक्के अंतरांवर जागा ठरवितात. डावीकडे विषम आकडे, उजवीकडे सम. दुखत काहीच नाही.

मात्र आलेख निर्दोष आला म्हणजे फेफरे नाहीच, असे समजू नये. निदानाचा मुख्य आधार झटका पाहणाऱ्याची हकीकत हाच असतो. तेव्हा डॉक्टरांपासून काही लपवू नये. झटका आला तर रोग्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांत थांबला नाही तर इस्पितळात न्यावे.

हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली अपस्माराचा बाध घातला गेला होता. १९९९ साली तो शब्द काढून टाकण्यात आला. कायद्याने पुसलेला शब्द आपण मात्र सोयरीक जुळविताना मनात जपून ठेवावा काय? लावलेले दार उघडण्याचे काम आता आपलेच आहे.