मागच्या बाळंतपणाचा कागद

(संस्थेच्या माता-पालक मेळाव्यात एका स्त्री-डॉक्टरांनी केलेले भाषण)



शाळेच्या व्यासपीठावर बाळंतपणाचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु ज्या घरात आई अंथरुणाला खिळते त्या घरातील थोरल्या मुलीचे पुस्तक सर्वांत आधी मिटते, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. म्हणून हा विषय शाळेचाही आहे.

काही वर्षांपूर्वी एक भगिनी माझ्याकडे आली. पाचवा महिना लागलेला होता. पहिल्या खेपेस काय झाले होते असे विचारताच तिच्या सासूबाई म्हणाल्या, "काही नाही हो बाई, जरा प्रेशर वाढलं होतं. सातव्यात सुटली. पोर राहिलं नाही. अल्लाची मर्जी." कागद कोठे आहेत? पावसाळ्यात घर गळले, त्यात गेले. मुलगी मान खाली घालून बसली होती.

त्या "जरा प्रेशर" या दोन शब्दांत सारे काही होते. ज्या स्त्रीला मागच्या खेपेस असा त्रास झाला, तिला पुढच्या खेपेस तो पुन्हा होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. अशा स्त्रीला डॉक्टर तिसरा महिना संपताना, सोळा आठवडे होण्याच्या आत, अस्पिरिनची अगदी लहान मात्रा सुरू करतात. त्याने धोका टळतोच असे नाही, पण कमी होतो. ती वेळ आमच्या हातून निघून गेली होती. तिचे प्रेशर पुन्हा वाढले, कित्येक आठवडे दवाखान्यात काढावे लागले. यावेळी मूल वाचले, आईही वाचली. परंतु जी संधी हुकली तिची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून माझे सांगणे एकच आहे. मागचे बाळंतपण जोखमीचे झाले असेल, तर पुढच्याची तयारी दिवस गेल्यावर नव्हे, दिवस जाण्यापूर्वी करावयाची असते.

असे का? बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्यापासून बनतो ती नळी गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत बंद होते. हृदयाची घडणही पहिल्या दोन महिन्यांतच होते. आपण तिसऱ्या महिन्यात दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा हे काम होऊन गेलेले असते. आईच्या रक्तातील साखर त्या काळात वाढलेली असेल तर नंतरचे पथ्य मागचे नुकसान भरून काढीत नाही. फॉलिक अॅसिडची गोळीसुद्धा दिवस जाण्यापूर्वी किमान महिनाभर सुरू झालेली असावी.

आता तयारी म्हणजे काय, ते सांगते.

पहिली गोष्ट, कागद. दवाखान्यातून घरी येताना विचारून घ्या : प्रेशर किती वाढले होते, साखर होती काय, सिझेरियन का केले, रक्त किती गेले, बाळ कितव्या आठवड्यात झाले व वजन किती भरले, आईचा रक्तगट कोणता. हे कागद रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

दुसरी गोष्ट, अंतर. मूल झाल्यावर पुढचे दिवस जाण्यापूर्वी किमान दोन वर्षे आणि गर्भपातानंतर किमान सहा महिने जाऊ द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने सुचविले आहे. सिझेरियनच्या टाक्यांनाही भरून येण्यास वेळ लागतो. मूल गेलेल्या घरात "लवकर दुसरे होऊ दे, म्हणजे दुःख विसरेल" असे म्हणतात. हेतू चांगला असतो, पण शरीराला आणि मनाला उसंत हवी असते. त्या काळासाठी तांबी, गोळ्या, इंजेक्शन यांपैकी काय योग्य, ते डॉक्टरांना विचारा.

तिसरी गोष्ट, तपासणी. प्रेशर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर पाहून घ्या. गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ती पुन्हा तपासावी आणि पुढे दरवर्षी तपासत राहावे. प्रेशरच्या काही गोळ्या गर्भाला अपायकारक असतात. त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्या. रमजानमध्ये रोजे धरण्यापूर्वीही असाच सल्ला घ्या. आजारी व गरोदर स्त्रीला ते नंतर पूर्ण करण्याची सवलत आहेच.

दिवस गेल्यावर मात्र उशीर नको, लगेच नाव नोंदवा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. मागे जोखीम झालेल्यांनी ती चुकवू नये.

येथे बसलेल्या बंधूंनाही दोन शब्द. बायकोला दवाखान्यात आईबरोबर पाठवून आपण बाहेर स्कूटरवर बसून राहू नका. आत या, ऐका. अंतर राखणे आणि वेळेवर खर्च करणे या गोष्टी तिच्या एकटीच्या हाती नसतात.

आणि विद्यार्थिनींनो, तुमच्यासाठी एक काम. आज घरी गेल्यावर अम्मीला, भाभीला, थोरल्या आपाला विचारा, "तुझे दवाखान्याचे कागद कोठे आहेत?" ते वाचा. जे समजले नाही ते वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेस त्यांच्याबरोबर जाऊन डॉक्टरांना विचारा. त्या भगिनीच्या घरी पहिल्या वेळी कागद वाचणारे कोणी असते, तर ती माझ्याकडे वेळेवर आली असती. आपण शिकतो ते अशाही कामासाठी.