'लक्षण' या शब्दाचे दोन अर्थ



या व्याख्यानमालेत विद्वानांनी साहित्यावर बोलायचे आणि आम्ही डॉक्टरांनी मागच्या रांगेत बसून ऐकायचे, अशी आजवरची रीत. यंदा मंडळाने ती मोडली आणि 'प्रौढांमधील एडीएचडी' असा चक्क दवाखान्यातला विषय दिला. तरीही सुरुवात मी एका मराठी शब्दापासून करतो, कारण बेळगावात पस्तीसेक वर्षे मी माणसांची दुखणी बहुतेक मराठीतच ऐकत आलो आहे.

शब्द आहे 'लक्षण'. वैद्याच्या तोंडी लक्षण म्हणजे आजाराची खूण. घरात मात्र 'याची लक्षणं काही ठीक दिसत नाहीत' असे कोणी म्हणाले, तर तो वागणुकीवरचा ठपका असतो. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खलक्षणे सांगितली ती या दुसऱ्या अर्थाने. वाचणाऱ्याने ती ओळखावीत आणि टाकून द्यावीत, हा हेतू. पण काही माणसे अशी असतात की त्यांच्या बाबतीत या दोन अर्थांची गल्लत होते. आजाराची खूण स्वभावाचा दोष म्हणून मोजली जाते, आणि टाकून दे म्हटल्याने ती टाकता येत नाही. आज बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी.

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवण्यातली अडचण, चुळबुळ आणि उतावळेपणा. हा मेंदूच्या वाढीशी निगडित आणि बऱ्याच अंशी आनुवंशिक विकार आहे. लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समधल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांच्या चित्रकवितांच्या पुस्तकात जेवताना चुळबुळ करत खुर्चीसकट उलटणारा फिलिप येऊन गेला. तिथेही तो वांड मूल म्हणूनच आला. पुढे बराच काळ समजूत अशी होती की मूल मोठे झाले की हे सारे जाते. जाते ते बहुतेकदा धावणे, चढणे, उड्या मारणे. बाकीचे अनेकांच्या बाबतीत मुक्कामाला राहते. जगभरच्या पाहण्यांतून शंभर प्रौढांत साधारण अडीच-तीन असा अंदाज निघतो.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चाळिशीचे एक कापड-दुकानदार पोटातली जळजळ आणि अपुरी झोप या तक्रारी घेऊन आले. होमिओपॅथीत केस घ्यायला तासभर लागतो आणि त्या तासात माणूस दिसतो. माझा प्रश्न पुरा होण्याआधी यांचे उत्तर तयार. पाय सतत हलता. मध्येच उठून त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर सरळ केले. पत्नी म्हणाल्या, "काय सांगू ओ डॉक्टर, घरात तीन पोरं आहेत. दोन माझी, एक सासूबाईंचं."

मग एकेक निघत गेले. जीएसटीचे रिटर्न दर महिन्याला उशिरा, दंड ठरलेला. विम्याचे हप्ते चुकल्याने दोन पॉलिसी बंद पडलेल्या. विजेचे बिल खिशात, पैसेही खिशात, आणि वीज तोडणारा माणूस दारात. स्कूटरची किल्ली दिवसातून दोनदा हरवते. कपाटे लावायला काढली की अर्ध्यावर दुसरेच काम. यांच्या पंचांगात 'उद्या' ही एकच तिथी. दिवाळीच्या आठवड्यात मात्र गिऱ्हाईक सांभाळण्यात अख्ख्या शहापुरात यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि जुना रेडिओ उघडून बसले तर चार तास जेवणाची शुद्ध नसते.

वडिलांचा निष्कर्ष ठरलेला होता : "जमतंय की त्याला! मनावर घेत नाही एवढंच." घरोघरी गाडी अडते ती याच वाक्यावर. या माणसांना अवधान नसते असे नाही, ते हुकमी नसते. आवडीचे, नवे किंवा अगदी गळ्याशी आलेले काम असले की ते आपणहून येते. रटाळ पण गरजेच्या कामासाठी बोलावले की येत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाचा कारभार आणि डोपामिन, नॉरएड्रिनॅलिन ही रसायने यांच्याशी याचा संबंध जोडला जातो. विकाराच्या नावातला 'अभाव' हा शब्दच मला दिशाभूल करणारा वाटतो.

पुढच्या खेपेला वडील स्वतः आले, आणि आईने जपून ठेवलेली प्रगतिपुस्तके घेऊन आले. तिसरीपासून दहावीपर्यंत शिक्षक बदलले, शेरा एकच : हुशार आहे, पण लक्ष देत नाही. वडिलांनी ती पाने उलटून पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे हा मला मुद्दाम छळत नव्हता म्हणायचं."

ते शेरे महत्त्वाचे अशासाठी की निदानाची पहिली अटच बालपणाची आहे. मनोविकारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम नियमावलीच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार काही लक्षणे वयाच्या १२ व्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. ती घर आणि कामाची जागा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत, त्यांनी संसाराचे किंवा कामाचे खरोखर नुकसान केलेले असावे. किल्ली तुम्हीही हरवता, मीही हरवतो. आमच्या जैन घरांत सामायिकाला ४८ मिनिटे एका जागी बसायचे असते, तेव्हा कोणाचे मन बाजारात फिरून येत नाही ते मला दाखवा! त्याला आजार म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची एक चाळणी आहे. तिच्यातही 'होते का' यापेक्षा 'किती वेळा होते' याला महत्त्व आहे. आणि ती चाळणीच, निदान नव्हे.

स्त्रियांच्या बाबतीत हे जास्त लपते. मुलगी वर्गात पळत नाही, खिडकीबाहेर बघत बसते. त्यामुळे तक्रार कोणी करत नाही. मोठेपणी तिला 'वेंधळी' हे नाव पडते. दूध रोज उतू जाते, भिशीची तारीख चुकते, पाहुणे यायच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागून ती घर लखलखीत करते, आणि इतरांना सहज जमते ते आपल्याला का जमत नाही म्हणून मनातल्या मनात झुरते. अशा कितीतरी जणी उदासपणाची औषधे घेत असतात. मुलाचे निदान होते तेव्हा डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता आईच म्हणते, हे तर माझंच वर्णन.

याउलटही होते. साठीनंतर अचानक विसरायला लागले, तर तो एडीएचडी नव्हे. थायरॉईड तपासा, घोरणे आणि झोप पाहा, उदासपणा पाहा. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ तर आधी तपासा. रात्री एकपर्यंत मोबाईल पाहणाऱ्याचे दुसऱ्या दिवशी लक्ष लागत नाही, त्यालाही मोठे नाव देण्याची गरज नाही.

आता औषधाचे. मी होमिओपॅथ, तेव्हा हा प्रश्न येणारच. यात आमच्या गोळ्यांचा गुण खात्रीलायक पुराव्याने सिद्ध झालेला नाही. म्हणून अशी शंका आली की मी रुग्णाला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. मिथाइलफेनिडेट हे औषध अनेकांना चांगले लागू पडते. त्यावर कायद्याचे कडक नियंत्रण आहे, ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि सुरू करण्याआधी रक्तदाब व हृदय तपासावे लागते. अॅटोमॉक्सेटिनसारखा दुसरा पर्यायही आहे. 'झोपेच्या गोळ्या देतील, सवय लागेल' ही भीती तज्ज्ञासमोर बोलून दाखवावी, तिच्यापायी जाणे टाळू नये. उपचाराविना राहिलेल्यांत अपघात, व्यसन आणि नैराश्य जास्त आढळते. चहा-तंबाखूवर लक्ष ताणून धरणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

त्या दुकानदारांनी औषध घेतले, पण निम्मे काम साध्या गोष्टींनी केले. हिशेब कर सल्लागाराकडे गेला, हप्ते बँकेतून आपोआप जाऊ लागले, किल्लीला दाराशी खिळा मिळाला. आठवण करून देणे हे पत्नीचे कायमचे काम न राहता भिंतीवरच्या फळ्याचे झाले. त्या म्हणाल्या, "आता भांडायला दुसरा विषय शोधावा लागतोय."

आपल्यापासून जवळ धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत मोफत बोलता येते. तज्ज्ञाकडे जाताना जुनी प्रगतिपुस्तके सापडली तर घेऊन जा. नसतील तर आईला, आत्याला किंवा मोठ्या बहिणीला सोबत न्या. लहानपणी तुम्ही कसे होता हे त्यांना पाठ असते, आणि ते सांगायला त्यांना आग्रह करावा लागत नाही.