धानाचे तूस आणि हायड्रोजनचे इंधन

(गोंदिया येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



हायड्रोजन हे उद्याचे इंधन आहे, असे सध्या सर्वत्र सांगितले जाते. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी देऊन १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही आपले धोरण जाहीर केले. या योजनेत गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्याचे स्थान कोणते, हे आपण विचारले नाही तर दुसरे कोणी विचारणार नाही.

हायड्रोजन आपल्याला परका नाही. धानाला आपण जो युरिया देतो, तो अमोनियापासून होतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन लागतो. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीमागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन खर्ची पडतो. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूवर तप्त वाफेची क्रिया करून काढतात. रायगड जिल्ह्यातील थळच्या खत कारखान्याची रीतही हीच. या पद्धतीत एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. शिवाय देशाला लागणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा परदेशातून येतो, तो वेगळाच.

दुसरी पद्धत विजेने पाण्याचे विघटन करण्याची. तीही नवी नव्हे. भाक्रा धरणाच्या विजेवर नांगलच्या खत कारखान्यात साठच्या दशकाच्या आरंभीच हायड्रोजन काढला जात होता. पुढे ती रीत मागे पडली. त्याच्याही आधी, १९२३ साली, जे. बी. एस. हाल्डेन यांनी केंब्रिजमधील एका व्याख्यानात पवनचक्क्यांच्या विजेवर हायड्रोजन करून साठवण्याची कल्पना मांडली होती. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि भारताचे नागरिक झाले. मार्क्सवादी विचाराच्या या शास्त्रज्ञाची आठवण हरित हायड्रोजनच्या परिषदांत कोणी काढत असेल, असे वाटत नाही.

या पद्धतीत एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज लागते. ही वीज कोठून यायची, हा सारा प्रश्न आहे. आपल्या तिरोड्यात ३,३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. पण कोळशाच्या विजेवर हायड्रोजन केला, तर किलोमागे सुमारे ५० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल, म्हणजे नैसर्गिक वायूच्या रीतीच्या पाचपट. अशा इंधनाला हरित म्हणणे ही शुद्ध फसवणूक होईल.

सौर वीज घेतली, तर दिवसाला एक टन हायड्रोजनसाठी अंदाजे बारा मेगावॅटचे केंद्र आणि त्यासाठी पन्नास-साठ एकर जमीन लागेल. पाण्याविषयी मात्र आपल्यातील काही मित्रांना वाटणारी भीती मला अनाठायी वाटते. एक किलो हायड्रोजनमध्ये नऊ लिटर पाणी जाते. शुद्धीकरण व शीतकरण धरले तरी वीस-तीस लिटर. एक किलो तांदूळ पिकवायला त्याच्या कितीतरी पट पाणी आपण खर्च करतो. तेव्हा मामा तलावांपेक्षा तलावाखालच्या जमिनीची काळजी अधिक करावी.

आता तिसऱ्या पद्धतीकडे वळतो. आपल्या जिल्ह्याचा खरा संबंध तिच्याशी आहे. शेतातील टाकाऊ पदार्थ प्राणवायू व वाफ यांच्या सान्निध्यात तापवले की हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण मिळते. त्यावर पुन्हा वाफेची क्रिया करून हायड्रोजन वेगळा काढता येतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. दासप्पा यांच्या गटाने या रीतीने एक किलो जैवपदार्थापासून १०० ग्रॅम हायड्रोजन मिळवून दाखवला आहे. जैवपदार्थात मुळात असतो ६० ग्रॅम. उरलेला वाफेतून येतो.

धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते. त्यात राख फार, डांबरासारखा चिकटाही यंत्राला त्रास देतो, म्हणून उत्पादन काहीसे कमी धरू. तरीही तीन क्विंटल धानाच्या तुसातून युरियाच्या एका गोणीपुरता हायड्रोजन निघू शकेल, असा माझा हिशेब आहे. युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो. पाण्याच्या विघटनातून तो मिळत नाही, तुसातून मिळतो. हे यंत्र एखाद्या तालुक्यात उभे राहण्यास खर्च किती येईल, हे तंत्रज्ञांनी सांगावे. मी त्याला सोपे म्हणत नाही.

पण तूस कुणाच्या मालकीचे? शेतकरी आधारभूत खरेदी केंद्रावर धान देतो ते तुसासकट. मिलर भरडाई करून शासनाला क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत करतो. तूस आणि कोंडा त्याच्याकडेच राहतो. आज ते तूस उकडा तांदळाच्या बॉयलरमध्ये जळते, काही विकले जाते. उद्या त्याला इंधनाचा भाव आला, तर तो भाव गिरणीच्या फाटकाशीच थांबेल. उत्पादकाला त्यातले काही मिळायचे, तर भरडाईच्या करारात तुसाची किंमत वेगळी लिहिली गेली पाहिजे, आणि ती गोळा करणारी संस्था धान उत्पादकांची सहकारी संस्था असली पाहिजे. यंत्र आल्यावर करार बदलणे कठीण जाते, हे ऊस उत्पादकांना मळी आणि बगॅसच्या बाबतीत चांगले ठाऊक आहे.

येत्या हंगामापूर्वी प्रत्येक तालुक्यातील साथींनी आपल्या भागातील गिरण्यांतून किती तूस निघते, ते कोठे जाते आणि कोणत्या भावाने, याची नोंद करावी. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्याकडे भरडाईच्या कराराच्या प्रती मागाव्यात. त्या हाती आल्यावर आपण पुन्हा बसू.